आजीचा सोमवार

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून त्र्यंबकहून घरी आलं की पायांचे नुसते तुकडे पडलेले असतात, आणि त्या रात्री उपास सोडायला ताटावर बसलं की मला दरवर्षी आजी आठवते. आमच्याकडे सोमवार संध्याकाळीच सोडतात, दिवसभर उपास आणि दिवेलागणीनंतर महादेवाला नैवेद्य दाखवून वरण-भात. पण आजी सोमवारी रात्री जेवायचीच नाही.

लहानपणी वाटायचं तिचा उपास आपल्यापेक्षा कडक आहे, बस. नंतर कळलं की त्यात शास्त्रीजी आहेत. १९६५ साली देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेतून पीएल-४८० चा, म्हणजे तिथल्या अन्नमदतीच्या कायद्याखालचा, गहू यायचा, आणि तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान म्हणून सगळ्या देशाला सांगितलं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, सोमवारी संध्याकाळचं. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहायला लागली. आता आजीची पंचाईत बघा, तिचा उपास सुटायची वेळ आणि शास्त्रीजींचा उपास धरायची वेळ एकच! महादेवाचा सोमवार मोडायचा नाही आणि शास्त्रीजींचा शब्दही खाली पडू द्यायचा नाही, म्हणून तिने असं ठरवलं की संध्याकाळी नैवेद्याचं चमचाभर दूध-साखर घेऊन सोमवार सोडायचा आणि जेवायचं थेट मंगळवारी सकाळी. त्या रात्रीचे तांदूळ ती रोजच्यासारखेच पितळी मापाने मोजायची, वर बोट फिरवून सपाट करायची, आणि पातेल्यात न टाकता वेगळ्या डब्यात ओतायची. महिनाअखेरीला तो डबा वाड्यात ज्या घरी कमी पडत असेल तिथे जायचा, कुणाकडे गेला ते आजोबांनाही सांगायची नाही.

त्यावरूनच मी हे सार्वजनिक उपासांचं वाचायला लागले, म्हणजे एकादशी-चतुर्थी नाही, तर अख्ख्या देशाने एक तारीख ठरवून धरलेला उपास. शरणपूरला माझी एक मैत्रीण राहते, तिने बायबलमधली योना संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, निनवे शहराच्या राजाने फर्मान काढलं की माणसांनीच काय, गुराढोरांनीही आज काही खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. इंग्लंडमध्ये तर हे शेकडो वर्षं चाललं, पटकीची साथ आली की उपास, आयर्लंडचा दुष्काळ पडला की उपास. अमेरिकेत लिंकननेही यादवी युद्धात ३० एप्रिल १८६३ हा दिवस उपास-प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला होता.

पण मला आतून हलवलं ते ७ ऑक्टोबर १८५७ ने. इकडे आपल्याकडे उठाव चालू होता आणि तिकडे इंग्लंडमध्ये राणीच्या फर्मानाने त्या दिवशी सगळ्या देशाने उपास धरला, आपल्या पापांची क्षमा मागायला आणि हिंदुस्थानात आपल्या फौजेला यश मिळावं म्हणून. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन नावाच्या धर्मोपदेशकाचं प्रवचन ऐकायला त्या दिवशी २३,६५४ माणसं जमली होती. तेवढी माणसं देवासमोर बसून इकडच्या आपल्या लोकांचा पाडाव मागत होती, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. उपाशी पोटी देवाकडे काय मागायचं हे इतकं महत्त्वाचं असतं.

म्हणून मला ६ एप्रिल १९१९ फार जवळचा वाटतो. रौलट कायद्याच्या विरोधात गांधीजींनी हरताळ, उपास आणि प्रार्थना असा दिवस ठरवला. तारीख आधी ३० मार्च होती, ती पुढे ढकलली, दिल्लीने ३० मार्चलाच पाळला आणि तिथे गोळीबार झाला, हे शाळेत शिकलोय आपण. पण त्यांनी आत्मकथेत लिहिलेली एक बारीकशी गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही, की मुसलमानांना एका दिवसापेक्षा जास्त सलग उपास करता येत नाही म्हणून उपास २४ तासांचाच ठेवायचा. म्हणजे दुसऱ्याच्या धर्मात काय बसतं ते आधी बघितलं आणि मग सगळ्यांसाठी वेळ ठरवली! त्या दिवशी मुंबईत सकाळी लोक चौपाटीला समुद्रस्नानाला गेले आणि नंतर गांधीजी आणि सरोजिनी नायडू मशिदीत बोलले. नंतर बरीच वर्षं ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह म्हणून पाळायचे, १३ एप्रिल जालियनवाला बागेचा म्हणून, आणि १९३० साली दांडीला मीठ उचललं तेही ६ एप्रिललाच.

शास्त्रीजींनी देवाचं नाव घेतलं नव्हतं, फक्त धान्य वाचवा म्हणाले होते, त्यात देव आणला तो माझ्या आजीने. ताश्कंदचा करार १० जानेवारी १९६६ ला झाला आणि त्याच रात्री मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी गेले. १० जानेवारीला सोमवार होता. आजीला हे बरोब्बर लक्षात होतं, ती सांगायची की मंगळवारी सकाळी ती उपाशीच उठली होती, चुलीवर आधण ठेवलं होतं आणि शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर बातमी लागली, आणि तिने ते आधण तसंच खाली उतरवलं.

नंतर टंचाई संपली, सोमवारी हॉटेलं उघडी राहायला लागली, आजोबाही रात्री जेवायला लागले. आजी शेवटपर्यंत नाही. ते पितळी माप आता माझ्याकडे आहे, कडेला थोडं चेपलंय.