शिवाजी पूल पायी : खेट्याच्या रविवारी पंचगंगेवर

पन्हाळ्याला नाहीतर जोतिबाला निघालेले पाहुणे शिवाजी पूल गाडीतून पार करतात, तोही मोबाइलमधून मान वर काढली तर दिसतो. हा पूल पायी बघायचा. त्यातही माघातला रविवार साधला तर उत्तम, कारण त्या दिवशी अर्धं कोल्हापूर पुलावरून चालत असतं.

माघातल्या पाच रविवारी जोतिबाचे खेटे घालतात, म्हणजे कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरापर्यंत पायी वारी करतात. पंचगंगेत आंघोळ करून किंवा पाय धुऊन लोक पहाटेच चालू लागतात आणि वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढतात. जोतिबा रुसून केदारनाथाला निघाला तेव्हा अंबाबाई त्याला परतवायला अनवाणी गेली, त्याची ही आठवण म्हणतात. आम्ही गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटावर उतरलो तेव्हा अजून अंधार होता, तरी ‘चांगभलं’ ऐकू येत होतं. पोरं कानात इअरफोन घालून, म्हाताऱ्या पदर खोचून, कुणी चपला हातात घेऊन, असा सगळा लोंढा पुलाकडे.

घाटावरून पूल नीट दिसतो, म्हणून आधी खाली या. काळ्या दगडाच्या कमानी उजाडताना पाण्यात उतरतात. हा पूल १८७८ सालचा. कोकणाकडून येणारा माल, पन्हाळ्याची वाट, नदीपलीकडच्या गावांचं दूध-भाजीपाला, सगळं शतकाहून जास्त काळ यावरूनच शहरात आलं. खांबांजवळ बघा : दगडांच्या सांध्यांत वाळलेलं केंदाळ (जलपर्णी) आणि चिंध्या अडकलेल्या दिसतात, तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर. पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरून कळतं.

पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला फोटो काढताना पाहिलं. “पाव्हणं, पाणी बघायचं असलं तर आषाढात या की. आता हे नुसतं अडवून धरल्यालं पाणी हाय.” खरंच आहे. खाली कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याला पावसाळा सरल्यावर पाणी अडवायला बरगे (फळ्या) घालतात, म्हणून घाटाशी पाणी संथ दिसतं.

आषाढ-श्रावणात मात्र याच बंधाऱ्यावरचा आकडा कोल्हापूरकर सकाळ-संध्याकाळ विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण आकड्यापेक्षा लोकांचा जास्त भरवसा खुणांवर. ‘पाणी जामदार क्लबला आलं’ म्हटलं की शहरातला माणूस समजून जातो, पूर शहराच्या दाराशी आला. ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे त्या डोहापाशी नदी काठ सोडून बाहेर पडली, म्हटलं की पुलापलीकडे आंबेवाडी-केर्लीच्या रस्त्यावर पाणी येणार आणि पन्हाळ्याची वाट बंद होणार. पूल उभा असतो, पुढचा रस्ताच पाण्याखाली जातो! पावसाळ्यात पन्हाळ्याला खोली बुक केली असेल तर निघायच्या आधी कुणाला तरी एवढंच विचारा : रेडेडोहाचं काय? आणि पाणी बघायला गर्दी होते म्हणून तुम्हीही कठड्यावर चढू नका.

शेजारचा नवा पूल २०१९ मध्ये खुला झाला. त्याआधी तो अर्धवट स्थितीत बरीच वर्षं लोंबकळला. पुलालगतची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक असल्याने परवानगीचा घोळ होता. इतिहास जपायला हवा हे कबूल, पण १८७८ च्या पुलावरून ट्रक, एसटी आणि ट्रॅव्हल्स जाऊ द्यायच्या आणि पर्याय फायलीत ठेवायचा, हे मला कधीच पटलं नाही. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली, १३ जण गेले. आता मुख्य वाहतूक नव्या पुलावरून होते. जुन्याला विश्रांती मिळाली, ती खूप उशिरा.

ब्रह्मपुरीला वर चढून फार काही दिसत नाही, हे आधीच सांगतो. जे सापडलं ते तिथे नाही. १९४० च्या दशकातल्या उत्खननात इथे सातवाहन काळाची वस्ती मिळाली, रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तूही. त्यातलीच ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा देव! ती बघाच, फक्त सोमवारी जाऊ नका, तेव्हा बंद असतं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. स्टँडवरून रिक्षावाल्याला ‘गंगावेश’ सांगा, तिथून घाट चालत जवळ. गाडी घाटाच्या तोंडाशी घुसवू नका, खेट्याला आणि अमावास्या-पौर्णिमेला वळवायलाही जागा मिळत नाही. पुलावर ऊन कडक लागतं, नऊच्या आत उरका. दुरुस्ती किंवा पुराच्या बंदोबस्तासाठी जुना पूल अडवला असेल तर हुज्जत न घालता घाटावरूनच बघा. आंघोळीचा मोह मात्र आवरा, पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही. त्रिपुरी पौर्णिमेला याल तर पहाटे चारच्या आधी पायरी धरा, पणत्या लागल्यावर उभं राहायलाही जागा नसते.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा. म्हैस तुमच्यासमोर पिळतात, धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला तिथेच उभ्याने संपवायचा. पोट नाजूक असेल तर अर्धाच घ्या.