तारीखवही : ९ एप्रिलचं पान

मंडळी, दुसऱ्या महायुद्धाच्या तारीखवहीत (एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी काय घडलं त्याची वही) सध्या ९ एप्रिलचं पान चालू आहे. नियम जुनाच: घटना जिथे घडली तिथली स्थानिक तारीख धरायची. जपानी सैन्य कोटा भारूला उतरलं ते पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधी, पण मलायात तेव्हा ८ डिसेंबर उजाडला होता आणि हवाईत ७ चालू होता. नियम पक्का नसेल तर वहीचा सगळा विचका होतो.

१९४० चा रकाना पूर्ण झाला. जर्मनी डेन्मार्क आणि नॉर्वेत घुसला. डेन्मार्कने सकाळीच शस्त्रं टाकली. ओस्लोच्या वाटेवर मात्र ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावर कर्नल बिर्गर एरिक्सन होते. पहाटे ४:२१ ला त्यांनी जुन्या क्रुप तोफा डागल्या, मग पाणतीर सुटले आणि ‘ब्ल्यूखर’ ही कोरी करकरीत जर्मन क्रूझर बुडाली. राजा आणि मंत्रिमंडळाला राजधानीतून निसटायला तेवढा वेळ पुरला.

१९४२ ला फिलिपिन्समधल्या बटानमध्ये अमेरिकेच्या जनरल किंग यांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. त्याच दिवशी श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि बट्टिकलोआजवळ जपानी अ‍ॅडमिरल नागुमोच्या विमानांनी ब्रिटिशांची ‘हर्मिस’ बुडवली. विमानवाहू नौका, पण डेकवर एकही विमान नव्हतं! या दोन नोंदी मी लाल शाईने जोडल्या आहेत, कारण दोन्ही एकाच जपानी मुसंडीच्या आहेत. नुसती तारीख जुळली म्हणून मी लाल रेघ ओढत नाही.

१९४३ आणि १९४४ चे रकाने अजून जवळपास कोरेच आहेत.

१९४५ ला मात्र जागा पुरेना. क्योनिग्सबर्गमध्ये जर्मन जनरल लाश यांची सोव्हिएत फौजांपुढे शरणागती, फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत हिटलरविरोधी कॅनारिस (जर्मन गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख) आणि बोनहोफर (धर्मोपदेशक) यांना फाशी. कीलच्या गोदीत ‘अ‍ॅडमिरल शीर’ ही जर्मन युद्धनौका उलटली ती ९ आणि १० च्या मधल्या रात्री, म्हणून ती नोंद सध्या पेन्सिलीने.

पानाचा जीव आहे तो इटलीतल्या सेनिओ नदीवर. दोन्ही काठांना उंच बांध आणि त्या बांधांत खणून बसवलेली जर्मन मशीनगनची ठाणी. दुपारी बॉम्बफेकी विमानांनी रान भाजून काढलं, संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन पाण्यात उतरली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. सोबतची तुकडी जवळजवळ संपलेली. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, खड्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुखरूप नेलं. मग परत फिरून तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. मिळाला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही तोच सन्मान मिळाला. इथली लाल रेघ मी दोनदा गिरवली.

आता दोघांच्या जागा एकाच नकाशावर लावायच्या आहेत. कुणाच्या घरी या बटालियनमधल्या आजोबांची पत्रं किंवा पेबुकं (सैनिकाच्या पगाराची नोंदवही) असतील तर जरूर कळवा, सेनिओचा नुसता उल्लेख असला तरी चालेल. पुढचं पान १० जुलैचं धरलंय: १९४३ ला सिसिली, आणि १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे.