उमेदवारीच्या दाराशी

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या दक्षिणेला, एल्बे नदीच्या पलीकडे हारबुर्ग नावाचा भाग आहे. तिथल्या एका लहानशा स्वयंसेवी मंडळात मी गेली तीन वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी जाते. शाळा सुटली पण काम लागले नाही, अशा मुलामुलींबरोबर बसून अर्ज लिहिणे, मुलाखतीची तयारी करून घेणे आणि सरकारी कार्यालयांतून आलेली लांबलचक पत्रे सोप्या भाषेत समजावून सांगणे, हे आमचे काम. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्यासमोर १९ वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. शाळा सोडून त्याला १४ महिने झाले होते. त्याने ई-मेलने ३७ अर्ज धाडले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना नकाराचेसुद्धा उत्तर आले नव्हते.

मी म्हटले, "आता अर्ज पुरे. आपण फोन करू." त्याने आपला फोन टेबलावर पालथा घातला. कामासाठी अनोळखी माणसाला त्याने आयुष्यात एकदाही फोन केला नव्हता. मग आम्ही एका कागदावर चार वाक्ये लिहिली आणि मी कारखान्याची मालकीण झाले. दोन तालमी बऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मी मालकिणीऐवजी कारकून झाले आणि मुद्दाम म्हणाले, "मालक बाहेर गेले आहेत." तो "धन्यवाद" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. "मग पुन्हा कधी करू?" असे विचारता येते, हे त्याला ठाऊकच नव्हते. ठाऊक असणार तरी कसे? त्याचे वडील गोदामात कंत्राटी हमालीचे काम करतात आणि आईने घराबाहेर नोकरी केलेली नाही. ज्या घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी कामाच्या ठिकाणच्या गोष्टी निघतात, तिथल्या मुलांना अशा रीतीभाती न शिकवता येतात. बेकार तरुणाला आळशी ठरवणाऱ्या प्रत्येकाने ही तालीम एकदा बघावी, असे मला फार वाटते.

युरोपात या प्रश्नाची धग सर्वांत जास्त जाणवली ती २०१३ च्या सुमारास. आर्थिक संकटानंतर ग्रीस आणि स्पेनमध्ये श्रमबाजारात उतरलेल्या २५ वर्षांखालील तरुणांपैकी निम्म्याहून अधिक जण बेकार होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने 'यूथ गॅरंटी' नावाची शिफारस स्वीकारली. शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत प्रत्येक तरुणापुढे नोकरी, पुढचे शिक्षण, उमेदवारी (म्हणजे कामावर राहून धंदा शिकणे) किंवा प्रशिक्षण यांपैकी एक चांगला पर्याय ठेवला जावा, असे तिचे वचन होते. २०२० मध्ये वयाची मर्यादा ३० पर्यंत वाढवण्यात आली. जे शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत, अशा तरुणांना इथे इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नीट' म्हणतात (आपल्याकडच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेशी या शब्दाचा संबंध नाही). १५ ते २९ या वयोगटातले त्यांचे प्रमाण २०३० पर्यंत ९ टक्क्यांवर आणायचे, असे संघाचे उद्दिष्ट आहे. वचन मोठे असले तरी ते पुरते पाळले गेलेले नाही. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये सात देशांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी एकाही देशाला सर्व बेकार तरुणांपर्यंत चार महिन्यांत पोहोचता आलेले नव्हते. जे मूल कोणत्याही कार्यालयात नाव नोंदवायलाच येत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा त्यातला सर्वांत अवघड भाग होता आणि आजही आहे.

हॅम्बुर्गने याच अवघड भागाला हात घातला, म्हणून मला या शहराच्या पद्धतीविषयी मनापासून आदर आहे. २०१२ मध्ये इथे 'युगेंडबेरुफ्सआगेंटूर', म्हणजे तरुणांसाठीचे व्यवसाय केंद्र सुरू झाले आणि आज शहराच्या सातही विभागांत त्याची शाखा आहे. पूर्वी रोजगार कार्यालय एका इमारतीत, निर्वाह भत्त्याचे कार्यालय दुसऱ्या, शाळा खाते तिसऱ्या आणि युवक कल्याणाचे काम चौथ्या इमारतीत चालत असे. हे चारही विभाग आता २५ वर्षांखालील मुलांसाठी एका छताखाली बसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाळेतून बाहेर पडणारे प्रत्येक मूल पुढे कुठे गेले, याची नोंद ठेवली जाते, आणि ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला फोन जातो, पत्र जाते, वेळ पडल्यास कोणीतरी घरापर्यंत जाते. आमच्या मंडळाकडे येणारी बरीच मुले या केंद्रातल्या सल्लागारांनीच पाठवलेली असतात. हा मुलगाही तसाच आला होता.

हे लिहिताना मला माझा दादा आठवतो. नाशिकला सातपूरच्या आयटीआयमध्ये त्याने फिटरचा ट्रेड केला आणि मग एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून काम केले. वर्ष भरले त्या दिवशी त्याच्या हातात प्रमाणपत्र आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा गेटपास बंद झाला. पुढचे कितीतरी महिने तो सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा, कारण घरात बसलेला दिसणे त्याला सोसत नसे. त्या सगळ्या काळात कारखान्याने किंवा संस्थेने "तुझे पुढे काय झाले?" असे त्याला एकदाही विचारले नाही. दादा हुशार होता, कामसू होता. त्याला हवा होता तो एवढाच एक प्रश्न विचारणारा माणूस.

जर्मनीत 'आउसबिल्डुंग' म्हणतात, तिला आपल्याकडचा उमेदवारी हा जुना शब्द अगदी चपखल बसतो. मान्यताप्राप्त व्यवसाय ३०० हून अधिक आहेत. मुदत बहुधा दोन ते साडेतीन वर्षांची असते. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि उरलेले प्रत्यक्ष कामावर जातात. उमेदवाराशी लेखी करार होतो आणि त्याला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होते. शेवटची परीक्षा मालक घेत नाही, व्यापारी किंवा कारागीर मंडळाची समिती घेते, त्यामुळे ते प्रमाणपत्र देशभर चालते.

परंतु या दारातून आत जायचे तर आधी कोणीतरी ते उघडावे लागते, आणि तिथे 'प्राक्टिकुम' म्हणजे थोड्या दिवसांचे प्रत्यक्ष काम उपयोगी पडते. त्या मुलाने पाचव्या खऱ्या फोनवर हे काम मिळवले: नळजोडणी, हीटिंग आणि हीट पंप बसवणारे आठ माणसांचे दुकान, दोन आठवडे. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला भेटायला एका जुन्या घराच्या तळघरात गेले, तेव्हा तो भिंतीवर पाणसळ धरून उभा होता. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की तो पेन्सिलीने खूण करायचा आणि वस्तादाकडे पाहायचा. वस्ताद काही न बोलता त्या खुणेवर ड्रिल लावायचा. तेवढ्या एका गोष्टीने त्या मुलाची मान ताठ झालेली मी पाहिली. कागदावरचे त्याचे १४ महिने त्या दुकानात कोणीच मोजले नाहीत. रोज सकाळी साडेसहाला तो दुकानात हजर होता, हे मात्र सर्वांनी पाहिले. ऑगस्टमध्ये त्याला साडेतीन वर्षांचा करार मिळाला.

सगळ्यांचे असे होत नाही. जर्मनीत २० ते ३४ वयाच्या २८ लाखांहून अधिक लोकांकडे कोणतेही व्यवसाय प्रमाणपत्र नाही, आणि त्याच वेळी कारागिरांच्या दुकानांत उमेदवारांच्या जागा रिकाम्या राहतात. बेकरीत किंवा खाटकाच्या दुकानात पहाटे कामाला जायची तयारी थोड्याच मुलांची असते. काहींना आडनावामुळे मुलाखतीलाच बोलावत नाहीत, हेही मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला राग येतो. ज्यांची तयारी कमी पडते त्यांच्यासाठी सरकारी साहाय्याने वर्षभरापर्यंतची पूर्वतयारीची उमेदवारी असते. तिच्यातून पुढे पक्का करार होण्याची शक्यता वाढते, म्हणून मी ती नाकारू नका, असे मुलांना आग्रहाने सांगते.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून मला गावाकडून बरेच फोन येतात. आयटीआय झालेल्या मुलांच्या पालकांना मी एकच कळकळीने सांगते: एजंटाच्या हाती पैसे देण्याआधी मुलाला जर्मन भाषेची बी-१, म्हणजे रोजचे व्यवहार सांभाळता येण्याइतकी मधली पातळी गाठू द्या. इथला वस्ताद तुमच्या मुलाच्या हातातले कसब बघेल, पण तळघरात ड्रिलच्या आवाजात दिलेली सूचना त्याला पहिल्यांदाच कळली पाहिजे. इथे जन्मलेल्या मुलांनासुद्धा व्यवसाय शाळेतली तांत्रिक जर्मन जड जाते.

त्या मुलाचीही गाडी तिथेच अडली. पहिल्या सहामाहीत गणिताच्या पेपरात तो नापास झाला आणि शाळा सोडण्याची भाषा करू लागला. दुकानाच्या मालकाने स्वतः व्यवसाय केंद्रात फोन करून त्याच्यासाठी शिकवणीची सोय करून घेतली. ती शिकवणी मंगळवारी असते. गुरुवारी तो अजूनही आमच्याकडे येतो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि आम्ही दोघे मिळून पाण्याचा दाब आणि पाइपचा व्यास यांची उदाहरणे सोडवतो. परीक्षेचा पहिला भाग पुढच्या वर्षी आहे.