वाफसा येईपर्यंत

पूर ओसरून आज दहावा दिवस. वरून बघितलं तर रान वाळलंय. गाळाला भेगा पडल्यात, खपली उचलली की बशीसारखी अलगद निघते. शेजारी ट्रॅक्टर फिरायला लागला तसे माझेही हात शिवशिवायला लागले. मग कुदळ घेऊन गेलो.

वीतभर खाली माती निळसर करडी, वास नासक्या अंड्याचा. मूठभर माती तळहातांत वळली तर पेन्सिलीएवढी वळी झाली, तुटेना. वाफसा नाही, म्हणजे माती अजून नांगर घालण्याइतकी सुकलेली नाही.

मागच्या पुरानंतर मी थांबलो नव्हतो. रोटाव्हेटर घातला, वर भुसभुशीत, खाली थापीनं चोपल्यासारखा थर. मुळं तिथवर जायची आणि आडवी वळायची. रान पाच दिवस पाण्याखाली होतं, तो थर फोडायला मला दोन वर्षं लागली.

पाण्याखाली मातीतली हवा एक-दोन दिवसांत संपते. मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. आत्ता युरिया फेकला तर त्याचीही तीच गत. स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, गंमत वेगळी. मातीत ते असतं, पण मुळांपर्यंत पोचवणारी बुरशी जिवंत मुळांवरच जगते. रान मोकळं पडलं की ती घटते, मग पुढच्या पिकाची पानं जांभळी पडतात. म्हणून आधी धैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक. मोहरी नको, तिच्या मुळांवर ही बुरशी बसतच नाही.

गाळ बारा ठिकाणी काठीनं मोजला. बहुतेक ठिकाणी तीन-चार सेंटीमीटर. तो नांगरटीत मिसळून जाईल. वळणाजवळ मात्र गुडघ्याच्या खालपर्यंत नुसती वाळू. ती खरवडूनच काढायची. हेक्टरभर रानावरचा एक सेंटीमीटर थर म्हणजे 100 घनमीटर, एवढा हिशोब केला आणि वही मिटली.

वाळू आली ती बांध फुटला तिथून. उंच बांध घातल्याचा मला अभिमान होता! आता खालच्या अंगाला तो मुद्दाम बुटका ठेवणार. पाणी मागून, फुगवट्यानं चढलं तर खरवडत नाही, गाळ ठेवून जातं. काठावर माती धरून ठेवायला वाळा गवत लावायचंय.

संध्याकाळी परत वळी करून बघितली. होतेय अजून, पण दुमडली की तुटतेय.