पदरातले तांदूळ

ऊस तोडणाऱ्या बायकांचे अंगठे रेशनच्या मशीनवर उठत नाहीत. चार-चार महिने कोयता धरून बोटांवरच्या रेघा झिजतात, वर पाचटाच्या चिरा. मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडं करायचं, तोंडाची गरम वाफ द्यायची. अंगठा नाही तर मधलं बोट, नाही तर करंगळी. कोल्हापुरातल्या एका रेशन दुकानात मी नऊ वर्षं हेच करतेय. माझ्या हाताला गुण आहे असं बायका म्हणतात.

त्या दिवशी गुण आला नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार होता, माझा उपवास. बाई बीडकडची. कार्ड तिकडचं असलं तरी आता ते कुठल्याही दुकानात चालतं. कार्डावर चार नावं, माणशी 5 किलो, म्हणजे 20 किलो. दहाही बोटं मशीननं नाकारली. ओटीपी गावाकडच्या दिराच्या मोबाईलवर जाणार, आणि त्याचा फोन लागेना. मालक म्हणाले, "उद्या नवऱ्याला घेऊन ये." नवरा फडात. एक खाडा पडला की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची आणखी लांबते, हे मालकांनाही ठाऊक आहे.

तिचं पोरगं तीनेक वर्षांचं असेल. ते पोत्याच्या तोंडाशी बसून सांडलेले तांदूळ एकेक वेचून खात होतं. कच्चेच. चावल्याचा कडकड आवाज मला काट्यापाशी ऐकू येत होता.

मी वहीत नोंद करायला वळले, तेवढ्यात तिनं पोत्यातून चार-पाच ओंजळी पदरात भरल्या. मी बघितलं. रांगेतल्या सगळ्यांसमोर तिला पदर सोडायला लावला. "ताई, लेकराच्या पोटात सकाळपासून काही नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "चोरी ती चोरीच." सवयीनं ते तांदूळ काट्यावर ओतले. 1 किलो 340 ग्रॅम. परत पोत्यात टाकले.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाल्यावर फादरांना सांगितलं. मला वाटलं, दया दाखवायला हवी होती म्हणतील. ते म्हणाले, दयेची गोष्टच सोड, ते तांदूळ तिचेच होते. देवानं धान्य सगळ्यांसाठी दिलंय, मालकी हक्क त्यानंतरचा. म्हणून जीव जगवायला गरजेपुरतं उचललं तर ती चोरी ठरत नाही, असं संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकातच लिहून गेलेत. 1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं तेच पुन्हा सांगितलं, आणि भुकेनं मरणाऱ्याला जेवू घातलं नाहीत तर तुम्हीच त्याला मारलंत, हे जुन्या धर्मपित्यांचं, म्हणजे चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या गुरूंचं, वचनही सोबत जोडलं. चौथ्या शतकात कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, दुष्काळ पडला तेव्हा संत बासिलनं धान्य कोंडून बसलेल्या श्रीमंतांना तोंडावर सुनावलं होतं.

मी लहानपणापासून मिस्सेला जातेय. उपवास करा, दान करा, हे दर वर्षी ऐकलं. भुकेल्याचा हक्क कुणी शिकवला नाही. आणि राहते कुठं, तर 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली त्या गावात.

रात्री बायबलमधला आमोस संदेष्टा काढून वाचला. माप लहान करणारे, खोट्या तराजूनं फसवणारे व्यापारी. आमच्या दुकानात प्रत्येक कार्डामागं अर्धा किलो कमी भरतात, त्याला 'घट' म्हणतात. गोदामातून आलेलं 50 किलोचं पोतं 50 भरत नाही, हे मालकांचं रडगाणं खोटं नाही. वरून कमी येतं म्हणून खाली कापायचं. पण कापणारा हात माझा आहे. त्या शुक्रवारी तिच्या आधी मी तीसेक कार्डं भरली होती. माझा पदर कुणी सोडायला लावला नाही.

सोमवारी ती नवऱ्याला घेऊन आली. त्याची करंगळी तिसऱ्या खेपेला उठली. मी 20 किलो भरले. ती माझ्याकडं न बघता काट्यावरचा आकडा बघत होती.

"पोत्याचं वजन धरलंय का, ताई?"

पोतं उतरवलं, दुसऱ्या घमेल्यात रिकामं केलं, नुसतं पोतं तोललं आणि तेवढं धान्य वरून घातलं. मालक खुर्चीतून बघत होते. तिनं आकडा पुन्हा एकदा वाचला आणि पोतं नवऱ्याच्या डोक्यावर दिलं.