जिमी कार्टर यांचे मानपत्र लिहिताना

आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी एक मानवसेवा पुरस्कार दिला जातो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मानपत्र आणि एकवीस हजार रुपये असे त्याचे स्वरूप असून आजवर तो जिल्ह्याबाहेरच्या व्यक्तीला क्वचितच गेला आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे वयाची शंभर वर्षे पूर्ण करून निधन झाले आणि जानेवारीतील समितीच्या बैठकीत मी त्यांचे नाव सुचवले. क्षणभर कोणीच काही बोलले नाही, मग कोषाध्यक्षांनी "हार कोणाच्या गळ्यात घालायचा?" एवढेच विचारले. नाव सुचवणाऱ्यानेच निस्तरावे, या आमच्या संस्थेच्या जुन्या प्रथेप्रमाणे प्रस्ताव तयार करण्यापासून मानपत्र टपालात टाकण्यापर्यंतचे सगळे काम सहकार्यवाह म्हणून माझ्याकडे आले. त्याला दहा महिने लागले.

हे नाव मला का सुचले, ते आधी सांगते. २००६ मध्ये मी लोणावळा लोकलने शाळेला ये-जा करत असे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मळवलीजवळच्या पाटण गावात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेने शंभर घरे बांधण्याचे काम काढले होते आणि त्यासाठी ब्याऐंशी वर्षांचे कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन तिथे आठवडाभर राबत होते. आमच्या डब्यात चर्चा मात्र ब्रॅड पिटचीच होती, कारण तोही तिथे आला होता. देशाचे सर्वोच्च पद भूषवलेला माणूस पंचवीस वर्षांनंतर मावळात विटा रचतो, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पुढे कळले की त्यांच्या आई लिलियन या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या सेवायोजनेच्या स्वयंसेविका म्हणून त्या मुंबईत विक्रोळीला येऊन राहिल्या होत्या. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत निवडणूक हरला होता. मुलगा पराभवातून सावरत असताना आई गोदरेजच्या वसाहतीतील दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होती.

प्रस्तावावर पहिला आक्षेप आला तो तारापूरचा. आमच्या समितीतील एक ज्येष्ठ सदस्य वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती तल्लख आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राला तीस वर्षे इंधन पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता, तरीही १९७८ मध्ये कार्टर यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने त्या पुरवठ्यात खोडा घातला, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीच्या भेटीत, ध्वनिक्षेपक चालू असल्याचे लक्षात न आल्याने, मोरारजी देसाईंना कोरडे आणि रोखठोक पत्र लिहिले पाहिजे असे कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले आणि ते जगाने ऐकले, हेही त्यांनी आठवणीने सांगितले. मी उत्तरादाखल १९८० मधील घटना समोर ठेवली. त्या वर्षी तारापूरसाठी इंधन पाठवण्यास कार्टर यांनीच मंजुरी दिली होती आणि तो निर्णय अमेरिकी सिनेटमध्ये थोडक्यात बचावला होता. तरीही मला वाटते, माझ्या युक्तिवादापेक्षा अध्यक्षांनी घातलेली अट अधिक कामाला आली. पुरस्कार जानेवारी १९८१ नंतरच्या कार्यासाठीच दिला जाईल आणि मानपत्रात राष्ट्राध्यक्षपदाच्या कारकिर्दीवर एकही वाक्य असणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात त्यांनी घडवून आणलेला कॅम्प डेव्हिड करार त्यामुळे वगळावा लागला. मला त्याचे थोडे वाईट वाटले, पण तारापूर गाळायचे आणि कॅम्प डेव्हिड ठेवायचे, हे न्यायाचे झाले नसते.

त्यानंतर मानपत्राचा मसुदा. आमच्याकडे मानपत्राचा एक ठरलेला साचा आहे आणि त्यात नाव बदलले की काम भागते. "दीनदुबळ्यांचे कैवारी", "मानवतेचे महामेरू" वगैरे विशेषणे आधीपासूनच बसवलेली असतात. मी ती सगळी काढून टाकली आणि त्या जागी घडलेल्या गोष्टी लिहायला घेतल्या. मात्र घडलेल्या गोष्टी लिहायच्या तर त्या तपासाव्या लागतात, याचा अनुभव मला पहिल्याच परिच्छेदात आला. मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते की कार्टर यांनी भारतातून नारूचे उच्चाटन केले.

नारू हा शब्द माझ्या पिढीला घरातला आहे. माझ्या आजोबांच्या घोट्याजवळ नारूचे दोन वण होते. गढूळ पाण्यातील सूक्ष्म जीव पोटात गेले की त्यांच्याबरोबर नारूची अळी शरीरात शिरते आणि साधारण वर्षभराने हातभर, कधी त्याहूनही लांब असा पांढरा दोऱ्यासारखा जंत पायाला फोड आणून बाहेर पडू लागतो. आजी तो एका काडीला गुंडाळत असे. रोज दोन बोटे, त्याहून जास्त ओढायचा नाही, कारण तुटला की पाय सुजून पिकतो. ऐन पेरणीच्या दिवसांत आजोबा तीन आठवडे ओसरीवर पाय लांब करून बसून होते, असे आई सांगत असे.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद, जे दुष्काळी भागात आरोग्यसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहेत, शांतपणे म्हणाले, "बाई, विहिरींत औषध आम्ही टाकलं. कार्टर साहेब इकडं नव्हते." ते बरोबर सांगत होते. भारताचा नारू निर्मूलन कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, म्हणजे कार्टर यांच्या अटलांटा येथील संस्थेने १९८६ मध्ये हे काम हाती घेण्यापूर्वी सुरू झाला होता. गावोगाव रुग्णांची शोधमोहीम काढणे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याऐवजी कठडा बांधून रहाटाने पाणी शेंदण्याची सोय करणे, पाण्यातील ते सूक्ष्म जीव मारणारे टेमेफॉस विहिरींत टाकणे आणि घरोघरी पाणी कापडाने गाळायला शिकवणे ही सारी कामे इथल्याच यंत्रणेने केली. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

मग कार्टर यांच्या वाट्याला काय उरते, असा प्रश्न बैठकीत आलाच. पुष्कळ उरते, असे माझे उत्तर होते. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातील एकवीस देशांत वर्षाला सुमारे पस्तीस लाख लोकांना नारू होत असे आणि २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांमधील अवघे चौदा रुग्ण नोंदले गेले. या रोगावर ना लस आहे, ना औषध. त्यामुळे एकेका राष्ट्रप्रमुखाला भेटून, पटवून, प्रसंगी लाजवून हे काम करून घ्यावे लागले आणि ती भेटीगाठींची चिकाटी कार्टर यांची होती. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत दोन्ही बाजूंना त्यांनी युद्धविरामासाठी राजी केले. जवळजवळ सहा महिने बंदुका थांबल्या आणि तेवढ्या अवधीत आरोग्यसेवक एरवी पोचता न येणाऱ्या गावांत गाळणीची कापडे घेऊन गेले. मानपत्रातील सर्वांत लांब परिच्छेद मी या युद्धविरामावर लिहिला. भारताबद्दलचे वाक्य बदलून "ज्या रोगाशी भारतातील हजारो अनाम आरोग्यसेवक आधीपासून झुंजत होते" असे केले आणि ते आमच्या आरोग्यसेवकांना दाखवून त्यांची संमती घेतली.

त्याच कात्रीतून पाटणचे वाक्यही गेले. "स्वहस्ते शंभर घरे उभारली" हे खोटे होते. सुमारे दोन हजार स्वयंसेवक तिथे होते आणि ज्यांना घरे मिळणार होती ती कुटुंबेही आपापल्या भिंतींवर घाम गाळत होती. रोझलिन यांचे नाव मात्र मी हट्टाने घातले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या, तोवर यातील बहुतेक कामांत त्या बरोबरीने होत्या आणि मानपत्रात पत्नीला "सुविद्य पत्नी" म्हणून एका ओळीत आटोपण्याची आपली रीत मला पूर्वीपासूनच खटकते.

रकमेचा प्रश्न हिशेबतपासनिसांनी दोन मिनिटांत निकाली काढला. धर्मादाय संस्थेचा पैसा परदेशात खर्च झाला की प्राप्तिकराच्या सवलतीचा प्रश्न उभा राहतो आणि एकवीस हजारांसाठी तो झमेला ओढवून घेण्यात अर्थ नव्हता. ती रक्कम जवळच्या एका वाडीतील विहिरीचा पडका कठडा बांधण्यासाठी द्यावी, ही सूचना आरोग्यसेवकांची होती आणि ती एकमताने मंजूर झाली.

समारंभ नेहमी गांधी जयंतीला असतो. २०२५ मध्ये त्याच दिवशी दसरा आला आणि सोने लुटायचे सोडून भाषणे ऐकायला कोण येणार, म्हणून एक दिवस अलीकडे जाऊन १ ऑक्टोबर ही तारीख ठरली. तो कार्टर यांचा जन्मदिवस आहे, हे आमच्या ध्यानात नंतर आले.

आदल्या आठवड्यात मानपत्राची छपाईची प्रत तपासायला गेले आणि जागीच थिजले. तिसऱ्या परिच्छेदात ठळक अक्षरांत "नारी निर्मूलनासाठी अविरत झटणारे" असे छापले होते. अक्षरजुळणी करणारा मुलगा विशी-बाविशीचा. तो निरागसपणे म्हणाला, "बाई, नारू असा शब्दच नसतो ना? मला वाटलं, तुमच्याकडून उकार चुकलाय." मी रागावणार होते, पण रागावता येईना. या मुलाने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. मी त्याला तिथेच आजोबांच्या पायाची हकिगत सांगितली. त्याने तोंड वाकडे करत ती पूर्ण ऐकली आणि शब्द दुरुस्त केला. नंतर सगळी प्रत मी दोनदा अक्षर न् अक्षर वाचली.

समारंभात व्यासपीठावर खुर्ची रिकामी ठेवावी की तसबीर ठेवावी, यावर नको इतका वाद झाला. शेवटी तसबीर ठेवली. कार्टर यांच्या वतीने सन्मान स्वीकारण्यास आरोग्यसेवकांनी नकार दिला, पण मानपत्र वाचण्यास ते तयार झाले. वाचताना "अनाम आरोग्यसेवक" या शब्दांपाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुढचा परिच्छेद घाईघाईने वाचून संपवला.

उरले टपाल. अमेरिकेने आयात शुल्काचे नियम बदलल्यामुळे ऑगस्टअखेरीस तिकडे जाणारी टपालसेवा स्थगित झाली होती, ती ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. दिवाळी उरकल्यावर मी सगळे घेऊन टपाल कार्यालयात गेले. सन्मानचिन्हावर घोषित किमतीनुसार शुल्क पडणार, असे खिडकीवरील बाईंनी समजावून सांगितले. श्रीफळाचा तर मी विषयच काढला नाही. शेवटी फक्त हातकागदावरचे मानपत्र आणि त्याचा इंग्रजी अनुवाद, कागदपत्रे म्हणून, पुठ्ठ्याच्या नळीत घालून अटलांटाला रवाना केले. अर्जावर आतील वस्तूची किंमत लिहिण्याचा रकाना होता. बाई म्हणाल्या, "मोकळा ठेवू नका, काहीतरी लिहा." मी कागद आणि छपाईचा खर्च मनात मांडला आणि तीनशे चाळीस रुपये लिहिले.