रखमाबाईंचा खटला आणि त्यानंतर

२५ सप्टेंबर

आज डॉ. रखमाबाईंचा स्मृतिदिन. १९५५ साली याच दिवशी त्या गेल्या. सकाळपासून मनाला एकच गोष्ट लागून राहिली आहे, आपण या बाईंना खटल्यापुरतंच लक्षात ठेवलं.

खटला पुष्कळांना माहीत असतो. अकराव्या वर्षी लग्न झालं, पुढे नांदायला जायला नकार दिला, म्हणून नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो टिकला नाही. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस वर्षांच्या त्या मुलीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! पाठीशी उभे राहणारे सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन, तोवर वारले होते. सख्ख्या बापानेही त्या काळात लेकीसाठी इतकं सोसलं असतं का, असं वाटून जातं. १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

इथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. पण त्यांचं कामाचं आयुष्य तर पुढेच आहे. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी धीर दिला, लंडनला वैद्यकीच्या शिक्षणासाठी पैसे उभे राहिले, आणि १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. मग सुरत, नंतर राजकोट. पस्तीस वर्षं बायकांच्या दवाखान्यांत नोकरी.

पस्तीस वर्षं म्हणजे काय, ते मी मनाशी उभं करून पाहते. रात्री-अपरात्रीचं बोलावणं. पुरुष डॉक्टरला उंबऱ्याच्या आत घेणार नाही असं घर. आत काळोखी खोली, कंदील, दाराशी अडून बसलेली सासू, आणि खाटेवर कळा देणारी तेरा-चौदा वर्षांची पोर. जे जिणं स्वतः नाकारलं, तेच जगणाऱ्या पोरींच्या उशाशी बसायचं, त्यांना सोडवायचं, बाळ पुसून हातात द्यायचं आणि सकाळी परत दवाखान्यात हजर. कोर्टात एकदा ठाम राहण्याइतकंच हे कठीण, आणि याची बातमी कोणी छापत नाही.

एका गोष्टीपाशी मी अडखळते. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाई पांढरं लुगडं नेसू लागल्या म्हणतात. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला त्याचा अर्थ लावायचा नाही. ज्या बाईने आपलं आयुष्य आपणच ठरवलं, तिला हेही ठरवू द्यावं.

लग्न पुन्हा केलं नाही. पासष्टीच्या आसपास निवृत्त होऊन मुंबईला आल्या. आता तरी विसावा घ्यावा की नाही? त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. पडद्याआड बायकांचे काय हाल होतात, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं होतं?